पाठमोरे फोटो

"हा फोटो कुठे काढलात तुम्ही?"

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही खुर्चीवाल्याला उत्तर देता आलं नाही. वाचनालयाच्या जिन्यात दोरी बांधून, चिमटे लावून त्याचे फोटो टांगले होते. हौशी लोकांना प्रदर्शनासाठी हा जिना फुकट मिळत असे. पुस्तकं बदलायला जाणारे जाता जाता मान वळवत, एवढाच काय तो प्रेक्षकवर्ग. या बाई मात्र खांद्यावरची पिशवी खाली ठेवून एकाच फोटोसमोर ठाण मांडून उभ्या राहिल्या होत्या.

"आठवत नाही हो," तो म्हणाला. "कामासाठी गावोगाव फिरावं लागतं."

"कमाल आहे. लोक आठवण राहावी म्हणून फोटो काढतात."

फोटो तसा साधाच होता. रस्त्यापलीकडचं एक दुकान, शटर अर्धं वर, पुढे तीन पायऱ्या आणि निळा लोखंडी कठडा. पायरीवर एक माणूस पाठमोरा उभा. डावा हात मागे नेऊन त्याने उजव्या हाताचं कोपर धरलं होतं.

"हा माझा दादा आहे," बाई म्हणाल्या.

"चेहरा तर दिसत नाही."

"चेहरा कशाला हवाय? शाळेत जाताना तो पुढे आणि मी मागे. कितीतरी वर्षं. चेहऱ्यापेक्षा मला त्याची पाठच जास्त ओळखीची आहे."

खुर्चीवाल्याने फोटोकडे नव्याने पाहिलं. आजवर त्याला त्यात फक्त कठड्याची सावली आवडली होती.

खुर्चीवाला हे काही त्याचं नाव नव्हे. दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या तो दुरुस्त करी. वर न जाणाऱ्या, मध्येच अडकणाऱ्या, रोग्याला घेऊन हळूहळू खाली बसणाऱ्या. डॉक्टर फोनवर म्हणत, "खुर्चीवाले, आमची म्हातारी पुन्हा रुसली." की हा हत्यारांची पेटी उचलून गाडीत बसे. एखादा डॉक्टर म्हणे, "तुमचेही दात दाखवा की एकदा." त्यावर याचं ठरलेलं उत्तर होतं, "नको. मला या खुर्चीची नाडी माहीत आहे."

विनोद एवढाच. बाकी दिवसभर तो खुर्चीखाली आडवा पडलेला असे आणि बोलणं फारसं होत नसे. लग्न झालं नाही. का, ते विचारणारे मोठेही आता राहिले नव्हते. पन्नाशी उलटल्यावर त्याने एक वापरलेला कॅमेरा घेतला. काम संपून परतीची गाडी येईपर्यंत जो वेळ उरे, त्यात तो फोटो काढी. ओले जिने, वाळत घातलेले कपडे, बाकांवर बसलेली माणसं. माणसं मात्र नेहमी पाठमोरी. समोरून काढायचा तर विचारावं लागतं आणि विचारायचं तर बोलावं लागतं. पाठीला काही विचारावं लागत नाही.

त्यात कॅमेऱ्याची एक खोड होती. बॅटरी काढली की तो फोटोच्या कोपऱ्यात छापायची तारीख विसरे आणि पुन्हा एक जानेवारीवर येऊन बसे. पुन्हा पुन्हा कोण लावणार? त्यामुळे खुर्चीवाल्याच्या हिशेबी सारं जग एकाच सकाळी घडलेलं होतं.

"घड्याळ तरी लावायचं माणसाने," बाई म्हणाल्या. पण त्याचा फोन नंबर घेतल्याशिवाय जिना उतरल्या नाहीत.

बाई शिवणकाम करत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत मशीन, काचेचं कपाट आणि त्या. आई गेली त्याच महिन्यात भाऊ घरातून निघून गेला, त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली होती. मशीन रविवारी बंद असे. म्हणून पहिला फोन रविवारी संध्याकाळी आला.

"दादाच्या फोटोच्या आधीचा फोटो कसला आहे?"

"गाडीच्या काचेवर पडलेली कपाची सावली."

"आणि नंतरचा?"

"गाडीचाच. मागची रिकामी सीट."

"छान. म्हणजे कपातून उतरलात आणि सीटवर बसलात." तिकडे हसू फुटलं. त्याला वाटलं, आपणही हसायला हवं होतं. पण तोवर वेळ निघून गेली.

त्या आठवड्यात त्याने फोटो टेबलावर ठेवून, दिवा जवळ ओढून नीट वाचला. खुर्ची बिघडली की तो असंच करी. आधी जे दिसतंय ते, मग त्यामागचं. पुढच्या रविवारी त्याने बाईंना सांगितलं, "शटर अर्धं वर आहे. दुकान उघडतंय, म्हणजे सकाळ. सकाळी सावली पश्चिमेला पडते. फोटोत ती डावीकडे आहे, म्हणजे दुकानाचं तोंड दक्षिणेला."

"वा. अर्धं जग दक्षिणेला तोंड करून बसलंय, फोटोवाले."

फोटोवाले. असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"दादा म्हटलं असतं तुम्हाला," बाई म्हणाल्या, "पण तो शब्द एकाच्या नावावर आहे."

मग हे दर रविवारचंच झालं. ज्या गावात तो जाऊन येई तिथलं त्या खोदून खोदून विचारत. स्टँडवरून दवाखान्यात कुठल्या रस्त्याने गेलात, डॉक्टर कसा होता, जेवलात कुठे, काय होतं जेवायला. तो सांगे. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. आपण जेवलो कुठे, यात कुणाला रस असू शकतो, ही त्याला नवलाची गोष्ट होती. एकदा तो अर्धा तास एका कुत्र्याबद्दल बोलला. संध्याकाळी खोलीत रेंज नीट येत नसे, म्हणून तो खुर्ची गच्चीत नेऊन ठेवू लागला. पुढे पुढे ती तिथेच राहिली.

हिवाळा लागता लागता एका गावाहून बोलावणं आलं. त्या गावाला तो कितीदा तरी जाऊन आला होता. या वेळी दवाखान्यासमोरचा रस्ता खणलेला, म्हणून मागच्या गल्लीने निघाला. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. तीन पायऱ्या, हिरवा कठडा. तो पुढे गेला आणि मग थांबला. कठड्याची एक सळई मधोमध वाकलेली होती. फोटोतही ती वाकलेली होती. रंग बदलता येतो. वाकलेली सळई कोण सरळ करत बसतो?

आत एक माणूस इस्त्री करत होता. समोरून तो कुणासारखाही दिसत होता. खुर्चीवाल्याने पेटीतून शर्ट काढून दिला. इस्त्री पुन्हा तापेपर्यंत तो माणूस दारात येऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि त्याचा डावा हात आपसूक मागे गेला. उजवं कोपर धरलं.

शर्ट घेऊन खुर्चीवाला गाडीत बसला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आता रविवारी काय सांगायचं?

"सापडलं काही?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून," तो म्हणाला.

शब्द इतके सहज आले की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मग त्याने गावाचं वर्णन केलं, खणलेल्या रस्त्याचंही केलं. गल्ली तेवढी गाळली. पुढच्या रविवारीही तेच. नाहीतरी एवढी वर्षं गेली, आणखी थोडे दिवस गेले तर काय बिघडलं, असं तो स्वतःला समजावत राहिला. मनही पाठमोरं असलं की त्याची समजूत घालणं सोपं जातं.

त्यानंतरच्या रविवारी बाईंचा आवाज खाली गेलेला होता.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, तो का गेला ते."

"तुमच्या घरातली गोष्ट."

"मीच घालवला त्याला. आईचे शेवटचे आठ दिवस तो बाहेरगावी होता. ती गेल्यावर आला. दारातच मी म्हणाले, तिच्या वेळेला कुठे होतास? चार लोकांसमोर. त्याच्या आधीची सगळी वर्षं तोच तिच्यापाशी होता हो. मी सासरी होते. आठ दिवस तेवढे मी धरले आणि वर्षं सोडून दिली." त्या थांबल्या. "सापडला तर मला बाकी काही नको. तेवढं एक वाक्य परत घ्यायचंय. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुम्हाला सांगितलं."

खुर्चीवाल्याने फोन ठेवला तेव्हा गच्चीत उजेड होता; अंधार पडला तरी त्याला उठवेना. सकाळी कुणाचीही खुर्ची बिघडली नसताना तो गाडीत बसला.

इस्त्रीवाल्याने हात पुढे केला. "द्या शर्ट."

"शर्ट नाही. तुमचा फोटो काढू का?" उभ्या जन्मात त्याने कुणाला हे विचारलं नव्हतं.

"माझा? कशाला?"

"तुमची बहीण शोधतेय तुम्हाला."

इस्त्री उभी करून ठेवली गेली. "तिनं पाठवलं?"

"नाही. तुम्ही इथे आहात हे तिला माहीत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी सांगणार नाही."

आणि खोटं कशाला बोला, तो माणूस नको म्हणेल अशी आशा त्या क्षणी खुर्चीवाल्याच्या मनात होतीच. नको म्हणाला की रविवार तसेच राहणार होते, आणि दोषही आपल्या माथी नाही.

इस्त्रीवाल्याने टेबलावरची चादर दोनदा सारखी केली.

"शिवते का अजून?"

"शिवतात."

"कॉलर कधी सरळ आली नाही तिच्याकडून. शेवटी मीच इस्त्रीने सरळ करायचो." त्याचा हात गळ्याकडे गेला. "काढा. थांबा जरा, वरचं बटण लावतो."

फोटो समोरून आला. बटण लावलेला, हात दोन्ही बाजूंना, डोळे थेट कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरून तो फोनमध्ये टिपून, खाली दुकानाचा पत्ता लिहून त्याने बाईंना पाठवून दिला. रविवार नव्हता, तरी बाईंचा फोन लगेच आला.

"फोटोवाले..." मग नाक ओढल्याचा आवाज. "बारीक झालाय." आणि शेवटी, "आता तरी लावा हो त्या कॅमेऱ्याचं घड्याळ."

केव्हा सापडला, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

रविवारी फोन वाजला नाही. बाई भावाकडे गेल्या असणार. एवढ्या वर्षांचं बोलायचं होतं, एका दिवसात थोडंच उरकणार? त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दोन मिनिटं बोलणं झालं, मागे कुणीतरी चहा विचारत होतं. त्यानंतरच्या रविवारी तो गच्चीतल्या खुर्चीत बसून राहिला आणि ऊन कठड्यावर उतरलं.

मग उठून त्याने कॅमेरा आणला. बटणं दाबून वर्ष लावलं, महिना लावला, दिवस लावला, घड्याळात पाहून वेळ लावली. कॅमेरा दाराच्या उंबऱ्यावर पेटीच्या आधाराने उभा केला, टायमर लावला आणि जाऊन कठड्यापाशी उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मागे टिकटिक वेगाने होत गेली आणि थांबली.

फोटो त्याने बराच वेळ पाहिला. उतरतं ऊन, रिकामी खुर्ची, कोपऱ्यात बरोबर तारीख. आणि मधोमध एक माणूस पाठमोरा, किंचित पोक आलेला. दुसऱ्या कुणी दाखवला असता, तर हा कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.