मी नत्थूजी बोलतेय

मी नत्थूजी बोलतेय. हो, ‘बोलतेय’च. मी मादी आहे. माझी शेठजीसारखी पोट पुढे काढून बसायची पद्धत पाहून घरमालकीण सीताबाईंनी हे पुरुषी नाव ठेवलं.

मी भेक, म्हणजे अंगभर फोड असलेला बेडूक. सेलू गावाबाहेरच्या डबक्यात, काळ्या मण्यांच्या माळेसारख्या अंड्यांतून मी निघाले. पाय फुटले, शेपटी गेली आणि उड्या मारत सीताबाईंच्या अंगणात पोचले. धुण्याच्या दगडाखाली गार फट होती. दिवसभर तिथं झोपायचं, दिवेलागणीला बल्बखालचे किडे गिळायचे. सीताबाई भांडी घासताना मला साऱ्या मोहल्ल्याच्या गोष्टी सांगायच्या. मी डोळे मिटायची. गिळताना आम्हाला ते मिटावेच लागतात. त्यांना वाटे, मला पटतंय.

यंदा त्यांच्या मुलानं, अश्विननं, अंगण पक्कं करायला काढलं.

“त्या फटीत माहा नत्थूजी राह्यते,” सीताबाई म्हणाल्या.

“रोज तोच येते कशावरून? गावात बेडकं का कमी हायेत? तोच असंन त फट बुजवत नाई, जाय.”

“हजारात ओळखीन मी त्याले!”

धाकटी लेक जागृती रोज ये-जा करून वर्ध्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, “आई म्हणते म्हणून खरं होत नाई, अन् दादा म्हणते म्हणून खोटं होत नाई. पाहून घेऊ.”

आमच्या पाठीवरचे फोड प्रत्येकाचे वेगळे, तुमच्या अंगठ्याच्या ठशासारखे. ती रोज संध्याकाळी माझ्या पाठीचा फोटो काढू लागली. चेहऱ्याचा एकही नाही!

मग तिनं आईची परीक्षा घेतली. कुणाचे ते न सांगता फोटो दाखवले. सीताबाईंनी झटकन बोट ठेवलं. “हा पाहा, माहा नत्थूजी. पाठच किती गरीब हाये त्याची!”

“आई, हा आमच्या कॉलेजच्या बगिच्यातला हाये.”

अश्विन हसत घमेलं शोधायला गेला.

पण जागृतीनं अंगणातल्या सगळ्या पाठी शेजारी शेजारी लावल्या. बहुतेक माझ्याच होत्या. काहींवर मात्र भलतेच फोड!

“इथं दोघं येतात,” ती म्हणाली. “हा लहान, तो नर. गळा काळा हाये त्याचा, मी वाकून पाह्यला. अन् नत्थूजी मादी हाये.”

मी हबकले. मादी असल्याचं मला ठाऊक होतं. घरात पोटभाडेकरू असल्याचं नव्हतं!

“म्हंजे मी जिंकलो,” अश्विन म्हणाला.

“अर्धा. पण तो दुसरा फटीत राह्यते का नुसता जेवाले येते, थे कुठं माईत हाये?”

अश्विननं घमेलं खाली ठेवलं. “पाहा लागंन.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी अश्विनच दगडापुढे पालथा पडलेला असतो. शेजारीण आली की सीताबाई दरडावतात, “पाहून चालजो व माय, आमचं संशोधन सुरू हाये!” मला मात्र त्या नत्थूजीच म्हणतात.

माझी एकच विनंती आहे. पाठ हवी तेवढी पाहा, फोटो काढा, पण मला मुठीत धरू नका. भीतीनं माझं पाणी सुटतं. परवा मुलगी पाहायला निघालेल्या अश्विनला राहवलं नाही. ‘हिचं वजन किती असंन?’ म्हणत त्यानं नव्या शर्टानिशी मला छातीशी धरलं.

शर्ट बदलेपर्यंत मुलीकडचे पोहे गार झाले म्हणे.