मागचा कप्पा

शत्रुघ्ननं आधी पाय आत सोडले, मग अंग चोरून तो खाली उतरला. कौस्तुभ इंजिनिअरनं वरून पाण्याची नळी दिली आणि सिमेंटचं झाकण सरकवलं.

गिरीजमधल्या त्या नव्या इमारतीच्या आवारात पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डा केला होता. त्याचे दोन कप्पे. पुढचा उघडा ठेवून त्यात पाणी पडताना दाखवायचं होतं, मागच्यात शत्रुघ्न बसला होता. गच्चीवरून येणारा पाइप तिसऱ्या मजल्यापाशीच बूच मारून संपवला होता. खालची जोडणी व्हायच्या आधीच शत्रुघ्नला दुसऱ्या कामावर हलवलं होतं. आज पर्यावरणपूरक घरांचं प्रमाणपत्र देणारे साहेब मुंबईहून तपासणीला आले होते. वॉचमन गच्चीवर बादल्या ओतणार, कौस्तुभ झाकणावर दोनदा पाय आपटणार, की शत्रुघ्ननं दोन कप्प्यांमधल्या पाइपात नळी धरून तोटी उघडायची. नाही म्हणून पाहिलं होतं त्यानं. पुढच्या चारही इमारतींना प्लंबर लागणार आहे, तूच हवास असं नाही, एवढंच कौस्तुभ म्हणाला होता.

गुडघे छातीला टेकले होते. सिमेंटच्या वासानं घसा खवखवत होता, पण खोकायची सोय नव्हती.

वर कौस्तुभ साहेबांना सोलर, कचऱ्याचं खत, राखलेले नारळ असं एकेक सांगत होता. मग एका बाईचा आवाज आला, आणि शत्रुघ्नची नळीवरची मूठ आवळली. मार्थामावशी. शेजारची वाडी तिची. तिच्याच एका खोलीत तो बायको-मुलीसह पाच वर्षं राहत होता. इमारतीच्या बोअरवेल सुरू झाल्या आणि तिच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी करपली. पाइप तू लावलेस ना, मग खरं काय ते सांग, असं तिनं महिन्याभरात दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यानं कामाची घाई पुढे केली होती.

"साहेब, माजी बाव खारी झाली," ती म्हणाली. "ह्या खड्ड्यानं तिचं पानी गोड होईल का?"

साहेब भला माणूस असावा. पाणी नीट मुरलं तर दोन-तीन पावसाळ्यांत विहिरीला फरक पडेल, असं त्यांनी सावकाश समजावलं.

"हे खरोखर चालतं का, तेच बघायला आलोय, मावशी."

झाकणावर पाय आपटला. दोनदा. शत्रुघ्न हलला नाही. पुन्हा दोनदा, जोरात. त्यानं डोळे मिटून तोटी उघडली.

पुढच्या कप्प्यात पाणी धो धो पडू लागलं. डोळे उघडले तेव्हा मार्थामावशी गुडघे टेकून वाकली होती, पाण्याखाली ओंजळ धरून. मधल्या भिंतीतलं भोक पाइपापेक्षा मोठं होतं. त्या फटीतून तिचा चेहरा त्याला दिसला. तिलाही तो दिसला. पाणी तिच्या बोटांतून गळत राहिलं.

"कसं आहे, मावशी?" साहेबांनी विचारलं.

तिनं ओंजळ तोंडाला लावली. टँकरचं पाणी होतं. तो एक घोट गिळायला तिला बराच वेळ लागला.

"गोड हाय."

कागद उलटल्याचा आवाज आला. साहेब लिहीत असावेत. ती मात्र उठली नाही. फटीकडे बघतच हळू आवाजात म्हणाली,

"बंद कर आता. पानी फुकट जाते."

"वॉचमनला सांगा हो, बंद करायला," साहेब गच्चीकडे बघत कौस्तुभला म्हणाले.

शत्रुघ्ननं त्याआधीच तोटी फिरवली होती.