समुद्राकडे पडलेली सावली

भूगोलाच्या बाईंना मुलं पाठीमागे पृथ्वीबाई म्हणत. शिकवताना त्या स्वतःभोवती फिरत आणि खडूची धूळ वातावरणासारखी त्यांच्याबरोबर फिरे. बाईंना हे नाव ठाऊक होतं. देहाचा घेर पाहता मुलांनी गुरू ठेवलं नाही, हे त्या मुलांचे उपकारच मानत.

राजधान्यांची घोकंपट्टी बंद करून बाईंनी वर्गाचा ब्लॉग काढला होता. समुद्रापलीकडच्या एका देशातला एक वर्ग जोडीला मिळाला. खेळ सोपा होता. पलीकडच्या मुलांनी आपल्या खिडकीतून दिसणारा फोटो टाकायचा, गावाचं नाव लिहायचं नाही. इकडच्या मुलांनी सावल्या, छपरांचे उतार, झाडंझुडपं बघायची, त्या देशाच्या बातम्या वाचायच्या आणि ठिकाण ओळखायचं. जी मुलं आजवर नकाशा उलटा धरत, ती आता छपराचा उतार बघून तिथं बर्फ पडतं का यावर हमरीतुमरीवर येऊ लागली. बाई खूश होत्या. माणसानं इतकं खूश असू नये.

पलीकडची एक मुलगी आपल्या नावाच्या जागी चिमणीचं चित्र लावायची, म्हणून ती चिमणी. तिच्या देशात गडबड सुरू झाली, शाळा बंद झाल्या, आणि तिनं लिहिलं, ‘सध्या आत्याकडे आहोत. ओळखा कुठे?’ सोबत फोटो. बंदराच्या क्रेन, गोदामांची रांग, बंद दुकानं आणि गोदामांच्या लांबच लांब सावल्या समुद्राच्या दिशेनं पडलेल्या.

वर्गात एक मुलगा होता. तो प्रार्थनेवरही हरकत घेई, म्हणून त्याला वकील म्हणत. तो उठला. “बाई, दुकानं अजून उघडली नाहीत, म्हणजे सकाळ. सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. सावली समुद्राकडे, म्हणजे समुद्र पश्चिमेला. त्या किनाऱ्यावर एवढ्या क्रेन एकाच बंदरात आहेत.”

बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले, ब्लॉगवर नकाशा टाकला, त्या बंदरावर लाल टिंब दिलं आणि वर मथळा दिला, ‘सापडली!’ खाली वचनही दिलं, की पुढच्या आठवड्यात इमारत शोधू.

खाली एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, चित्राच्या जागी नुसता करडा गोल. ‘शाब्बास मुलांनो. इमारतीची वाट बघतो आहे.’

मुख्याध्यापक हरखून गेले. “बाई, परदेशी वाचक! शिपायापासून सगळ्यांना सांगितलं मी.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चिमणीचा निरोप आला. तो फक्त बाईंना होता.

‘बाई, ते पान काढा. बाबा बातम्या लिहितात, त्यांना शोधताहेत. आम्ही शुक्रवारी इथून निघणार, त्याआधी रस्ता नाही. मी फोटोत नाव दिलं नव्हतं. तुमची मुलं इतकी हुशार असतील असं वाटलं नाही.’

बाईंनी निरोप पुन्हा वाचला. हातातल्या डब्याचं झाकण लागेना. ते उलटं धरलंय हे कळायलाही वेळ लागला. मग त्या संगणकाच्या सरांच्या खोलीकडे धावल्या. बाईंना धावताना शाळेनं प्रथमच पाहिलं, आणि दोन वर्ग खिडकीशी जमा झाले.

“सर, ते पान उडवा. आत्ताच्या आत्ता.”

“ताई, बसा तरी. पाणी देऊ?”

“आधी उडवा!”

सरांनी पान उडवलं. बाई खुर्चीत टेकल्या. पाण्याचा पेला तोंडाशी नेला, तोच पडद्यावर करडा गोल उगवला. आधीच्या एका जुन्या पानाखाली.

‘पान काढलंत? म्हणजे उत्तर बरोबर होतं.’

सर हळूच म्हणाले, “हा कोण हो, ताई?”

आयुष्यभर बाईंनी मुलांना सांगितलं होतं, की चूक झाली तर खोडून टाका आणि मोकळे व्हा. इथं खोडल्यानंच उत्तर पक्कं झालं होतं. शुक्रवार परवा होता.

वर्गात आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मुलांना किती सांगावं, हा प्रश्न होता. सगळं सांगितलं तर घाबरतील, काही नाही सांगितलं तर ‘चिमणी सापडली’ म्हणून गावभर सांगत सुटतील. शेवटी त्या म्हणाल्या, “चिमणीच्या बाबांना काही वाईट माणसं शोधताहेत. आपण त्यांना वाट दाखवली. आता वाट चुकवायची.”



“म्हणजे खोटं लिहायचं?” वकिलानं विचारलं. आधीचं उत्तर त्याचंच होतं.

“चुकीचं लिहायचं. त्याचा तुम्हा सगळ्यांना दांडगा सराव आहे.”

कुणी हसलं नाही. वकील फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, दुकानं बंद आहेत ती अजून उघडली नाहीत म्हणून, असं मी म्हटलं. ती संध्याकाळी बंद झाली असतील तर?”

बाईंनी खडू उचलला. संध्याकाळ धरली तर सूर्य पश्चिमेला, सावली पूर्वेला, आणि समुद्रही पूर्वेला. चिमणीच्या देशाला दोन्हीकडे किनारा होता. सकाळची संध्याकाळ केली की सगळं कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत होतं.

“पूर्वेच्या बंदरातही क्रेन आहेत,” मागून कुणीतरी ओरडलं. “समोर उंच इमारतपण आहे! चौथा मजला लिहू या, बाई!”

सगळे एकदम बोलू लागले. कामाला लागलं की भीती जरा मागे सरते. बाईंचीही सरली. इतक्यात चष्मेवाली उठली. ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायचं काम तिच्याकडे होतं.

“बाई, त्या चौथ्या मजल्यावर कोण राहतं?”

बाईंच्या हातातला खडू मोडला. आधीची चूक निदान नकळत झाली होती. आता त्या हसतमुखानं, मुलांच्या मदतीनं, कुणा भलत्याच घराचं दार दाखवायला निघाल्या होत्या.

“रिकामी इमारत शोधा,” त्या म्हणाल्या. “अगदी रिकामी. एक म्हातारासुद्धा नको.”

“रिकामी आहे हे इथून कसं कळणार?” चष्मेवालीनं विचारलं.

कळत नव्हतं. नकाशावर घरं दिसत, माणसं दिसत नसत. मुलं बातम्या चाळत बसली. घंटा झाली, कुणी उठलं नाही. पालक फाटकाशी येऊन उभे राहिले. एकाच्या आजोबांनी आत येऊन विचारलंही, “काय बाई, भूगोल वाढला का?” बाई म्हणाल्या, “हो आजोबा, थोडा पसरलाय.”

शेवटी चष्मेवालीलाच बातमी सापडली. पूर्वेच्या बंदरात धक्क्याचा रस्ता रुंद करायला मासळी साठवायची एक जुनी उंच इमारत पाडली होती. नकाशावर ती अजून दिमाखात उभी होती.

मुख्याध्यापकांनी ब्लॉगवर टाकायचा नवा मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला. “‘आमचं चुकलं’? जाहीरपणे? शाळेच्या नावाचं काय?”

“माझ्या नावावर घाला. लिहा, की बाईंना पूर्व-पश्चिम कळत नाही.”

“भूगोलाच्या बाईंना?”

“सर, कृपा करा आणि लिहा.” बाईंचे डोळे भरले होते. ते पाहून मुख्याध्यापक स्वतःच टाइप करायला बसले. जुनं पान परत आलं, त्यावर लाल फुली आली, खाली नवा नकाशा, नवी इमारत आणि चौथा मजला. वकिलानं खाली आपली माफी लिहिली, इतकी पटण्याजोगी की बाईंनाच क्षणभर संध्याकाळ वाटू लागली.

करड्या गोलानं उत्तर दिलं, ‘आभारी आहे.’

शुक्रवार गेला. शनिवारी बाईंनी घरी भात दोनदा करपवला. रविवारी नवरा म्हणाला, “अगं, फोन उशाशी घेऊन झोपतेस, मला घेत नाहीस.” बाईंना हसू आलं नाही. हुलकावणी करड्या गोलानं ओळखली असेल, तर तो केव्हाच पश्चिमेला पोहोचला असेल. किंवा त्याची माणसं दोन्हीकडे असतील. हे त्यांना आधी सुचलंच नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नव्हतं.

सोमवारी पहिल्या तासाला निरोप आला. ‘पोहोचलो. बाबा झोपलेत. कुठे ते ओळखू नका.’

वर्गानं असा गलका केला की शेजारच्या वर्गाचे सर छडी घेऊन आले आणि काही न कळताच टाळ्या वाजवून गेले. वकील बाकावर डोकं ठेवून रडत होता आणि सर्दी झालीय असं सांगत होता.

तेवढ्यात चष्मेवाली करड्या गोलाची नवी प्रतिक्रिया सवयीनं मोठ्यानं वाचू लागली.

“‘तिथं इमारत नाही. मोकळी जागा आहे.’”

मुलं खो खो हसली. कुणी बाक बडवले, कुणी म्हणालं, “फसला, फसला!”

बाईंच्या डोळ्यांसमोर ती मोकळी जागा उभी राहिली. म्हणजे कुणीतरी खरोखर तिथं गेलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं वर चौथ्या मजल्याच्या जागी आकाश पाहिलं होतं आणि मग खिशातून फोन काढून या वर्गाला लिहिलं होतं. या वर्गाचं नाव, या शाळेचं नाव त्याला ठाऊक होतं. ब्लॉगच्या माथ्यावरच ते ठळक अक्षरांत होतं.

“बाई, तुम्ही का नाही हसत?” चष्मेवालीनं विचारलं.

मग बाई हसल्या. चांगल्या मोठ्यानं हसल्या. आणि हसता हसता दाराकडे पाठ होणार नाही, अशा बेतानं उभ्या राहिल्या.