पडदा कुणाला घेतो

माझी बायको गेली हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. एका अनोळखी बाईनं सांगितलं, आणि तेही असं: "पडद्यानं घेतली हो तिला."

मी धुतलेले कपडे आणि चहाचा थर्मास घेऊन जिना चढून आलो होतो. बायकांच्या वॉर्डाचं मोठं दार सताड उघडं होतं. दोन्ही झडपा मागे सारलेल्या, एकीला खुर्ची लावलेली. आत गर्दी. तिच्या खाटेपाशी डॉक्टर, सिस्टर आणि यंत्राची ढकलगाडी. पण बघायला जमलेल्यांपैकी कुणीच खाटेकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला वळलेल्या होत्या. तिथे छतापासून फरशीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा लावलेला होता, आणि तो पलीकडे खेचला गेला होता. उपाशी माणसाचं पोट आत जावं तसा.

"मी स्वतः पाहिलं," ती बाई म्हणाली. "आधी पडदा आत गेला, मग हिचे डोळे फिरले."

मी थर्मास खाली ठेवला. कुठे ठेवला ते आठवत नाही.

हे हॉस्पिटल सरकारी आणि जुनं. छताचे पोपडे पडत, पाइप गळत. पाडून नवं बांधायचं तर पेशंट कुठे न्यायचे? म्हणून ठरलं की हॉस्पिटल चालू ठेवूनच दुरुस्ती करायची. अर्धा वॉर्ड कामाला, अर्धा आजाराला. मधे तो पडदा. या बाजूला नाडी बघत, त्या बाजूला भिंत फोडत. फारच झालं की सिस्टर पडद्यापाशी जाऊन ओरडायची, "अहो, जरा ड्रिल थांबवा, मला छातीचे ठोके ऐकू येत नाहीत!" मग ड्रिल थांबायचं, ठोके मोजून व्हायचे, ड्रिल पुन्हा सुरू. जिन्यात एक पाटी होती: 'आपल्या सोयीसाठी होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पडदा हलतो का आणि कशानं, याबद्दल पाटीवर काही नव्हतं. ते लोकांनी स्वतःच ठरवलं.

मी पुन्हा त्या वॉर्डात पाय ठेवणार नव्हतो. पण बायकोच्या पाठची बहीण, माझी मेहुणी, तिलाही तोच त्रास निघाला. हृदयाची झडप. माझ्या बायकोच्या वेळी फार उशीर झाला होता, हिचं वेळेत कळलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर चांगली जगेल. नाही केलं तर, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. मला पुढचं माहीत होतं.

तर मी मेहुणीला भेटायला गेलो आणि दारातच अडकलो. आत सभा भरली होती.

पडद्यासमोर एक माणूस स्टुलावर बसला होता. पांढराशुभ्र सदरा, तेल लावून मागे वळवलेले केस, गळ्यात हॉस्पिटलचाच व्हिजिटर पास. लोक त्याला बाबा म्हणत. तो कुणाचा तरी नातेवाईक म्हणून आत आला होता. कुणाचा, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रत्येकाला वाटे, शेजारच्या खाटेचा असेल.

"तुम्हाला वाटतं हे प्लास्टिक आहे," बाबा बोलत होता. "मलाही वाटायचं. पण प्लास्टिक कशाचं होतं? तेलाचं. तेल कुठून येतं? धरतीच्या पोटातून. पोटातनं आलेली वस्तू श्वास घेणार नाही तर काय करणार?"

"खरंय," कुणीतरी म्हणालं.

"तो ज्याला आत घेतो, त्याला इथं ठेवू नका. ज्याच्या नावानं बाहेर सोडतो, त्यानं खुशाल राहावं. मी कोण सांगणारा? मी फक्त टाळ्या वाजवतो."

ज्याला पडदा आत घेई, त्याच्यासाठी उपाय होता. बाबाचं गावाबाहेर एक घर होतं. तिथे सुई नाही, गोळी नाही, कापाकापी नाही, फक्त श्वास. न्यायला गाडी खाली उभीच असे. श्वास फुकट होता, गाडी फुकट नव्हती.

"पुरावा काय म्हणाल," बाबा म्हणाला आणि हात लांब केला, "तर ती खिडकीजवळची खाट बघा. परवा-परवापर्यंत तिथे एक बाई होती. हसतीखेळती. पडद्यानं घेतलं, संपलं. तिच्या नवऱ्याला विचारा!"

लोक नवऱ्याला शोधू लागले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मला एवढंच कळत होतं की माझी बायको मेली, आणि त्यावर या माणसाचं दुकान चालू आहे. आणि ती शेवटचे काही महिने हसतीखेळती नव्हती. तिला जिना चढवत नव्हता.

मेहुणीच्या खाटेपाशी साडू बसला होता. चांगला माणूस. घाबरला की त्याला काही सुचत नाही.

"दादा," तो म्हणाला, "आज दुपारी हिच्यासाठी विचारायचंय. पडद्यानं घेतलं तर मी हिला बाबांकडे नेणार. ऑपरेशनच्या कागदावर सही नाही करणार."

"आणि तू काय म्हणतेस?" मी मेहुणीला विचारलं.

"मी काय म्हणणार, भाऊजी? मला कुणी विचारलंय का? विचारायचं ते पडद्याला." तिला धाप लागली. जरा थांबून म्हणाली, "मी म्हटलं, अहो, पडदा कुठल्या शाळेत शिकला ते तरी विचारा. तर हे चिडले."

"तुझ्या ताईचं काय झालं ते आठवतंय ना?" साडू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला बायको जगायला हवी होती, एवढंच.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तिथे दुरुस्तीच्या कामावरची इंजिनिअर चहा पीत होती. तरुण मुलगी, डोक्यावर हेल्मेट. दुसऱ्या हातात टिश्यू पेपरची एक पट्टी होती. मी सरळ विचारलं, "बाई, तो पडदा हलतो कशानं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न विचारणारा माणूस तिला आज पहिल्यांदाच भेटला असावा.

"पंख्यानं, काका."

"कुठल्या पंख्यानं?"

"पलीकडच्या खिडकीत आम्ही मोठा पंखा बसवलाय. तो आतली हवा बाहेर फेकतो. त्यामुळे वॉर्डातली हवा आमच्याकडे येते, आमची धूळ वॉर्डात जात नाही. पेशंटच्या छातीत धूळ जायला नको ना. म्हणून पडदा कायम आमच्या बाजूला ओढलेला असतो. वॉर्डाचं दार बंद असलं की थोडा. दार सताड उघडलं की बाहेरची हवा एकदम आत घुसते, आणि पडदा धप्पकन आमच्याकडे. पडद्यात आम्हाला ये-जा करायला चेन आहे, तिच्याजवळ ही पट्टी धरून मी रोज बघते, हवा बरोबर दिशेनं जातेय ना."

"आणि तो वॉर्डाकडे फुगतो ते?"

"पंखा बंद असला की. आम्ही जेवायला जातो तेव्हा बंद करतो. खिडकीतून वारा येतो, पडदा तिकडे फुगतो."

मला आठवलं, मघाशी कुणीतरी म्हणालं होतं की बाबांचे चांगले निकाल नेहमी जेवणाच्या वेळी लागतात. शुभ वेळ म्हणून.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. एक आजोबा म्हणाले, पोरी, पंखा नुसतं निमित्त आहे." तिनं चहा संपवला. "मग मी सोडून दिलं. मला फरश्या बसवायच्या होत्या."

मी शाळेची बस चालवतो. सगळ्या काचा बंद करून शेवटचं दार जोरात लावलं की कानाला दडा बसतो. हवा ढकलते, हवा ओढते, हे मला रोज कळतं. तरी त्या दिवशी पडद्याकडे पाहून मला ते सुचलं नव्हतं. माणूस रडत असताना हवेचा विचार करत नाही. बाबाचा धंदा त्यावरच होता.

मग मी सिस्टरकडे गेलो. तिला विचारलं, "माझ्या बायकोच्या वेळी आधी काय झालं? पडदा की ती?"

सिस्टर चिडलीच. "आधी पडदा कसा होईल? मी त्यांची नाडी बघत होते. श्वास अडकला. मी यंत्राच्या गाडीसाठी ओरडले. वॉर्डबॉयनं दोन्ही झडपा उघडल्या, खुर्ची लावली, गाडी आत घेतली. तेव्हा पडदा वाजला आणि सगळ्यांनी वर पाहिलं. तोवर त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं."

मी तिथेच बाकावर बसलो. उलटं होतं सगळं. पडदा गेला म्हणून ती गेली नव्हती. ती जात होती म्हणून लोक धावले, लोक धावले म्हणून दार उघडलं, दार उघडलं म्हणून पडदा गेला. प्रत्येक सिरियस पेशंटच्या वेळी हेच होणार. दार उघडणारच. पडदा कधी चुकणारच नव्हता.

दुपारी, कामगार जेवून परतल्यावर, बाबा स्टुलावर बसला. मेहुणीला खुर्चीत बसवून पडद्यासमोर आणलं. पंख्याचं आणि दाराचं मी तिला आणि सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. वॉर्डाच्या दारापाशी बाबाचा भाचा उभा होता. अंगानं चांगला भरलेला, कायम दारातच उभा, बाबाकडे तोंड करून. मी त्याच्या शेजारी गेलो आणि बंद झडपांना पाठ लावून उभा राहिलो. सिस्टर दुसऱ्या झडपेला टेकली.

"जरा बाजूला व्हा," भाचा हळूच म्हणाला.

"का? तुम्हाला कुठे जायचंय?"

त्याला कुठेच जायचं नव्हतं. टाळी वाजली की दार उघडायचं, एवढंच त्याचं काम होतं.

बाबानं डोळे मिटले. "हे प्राणा, हे वायो, हे लेकरू तुझ्या दारी आलंय!" टाळी वाजली. काही नाही. पुन्हा टाळी. पडदा होता तसाच, थोडासा ओढलेला. बाबानं एक डोळा उघडून दाराकडे पाहिलं. तिसरी टाळी जरा मोठी होती. भाच्यानं मला खांदा लावून पाहिला. मी बसचा ड्रायव्हर आहे, मला गर्दीत उभं राहता येतं.

"आज त्याचं मन नाही," बाबा म्हणाला.

"मग त्याचं मन मी वळवते," मेहुणी म्हणाली. ती कशीबशी उठली आणि ज्या खुर्चीवर बसली होती तीच पडद्यासमोर सरकवली. "बाबा, माझं राहू द्या. या खुर्चीचं काय होणार ते विचारा. भाऊजी, दार उघडा."

आम्ही दोन्ही झडपा उघडल्या. धप्प. पडदा पार पलीकडे.

"गेली बिचारी," मेहुणी म्हणाली.

कुणीतरी हसलं. आम्ही दार लावलं, पडदा सैल झाला. सिस्टरनं फरशी पुसायची बादली आणून ठेवली. दार उघडलं. धप्प.

"बादली पण गेली. चांगली होती हो."

आता बरेच जण हसले. साडू हसला नाही. तो दाराकडे, पडद्याकडे, पुन्हा दाराकडे बघत होता. तेवढ्यात पलीकडून इंजिनिअरनं पंखा बंद केला आणि चेन उघडून डोकं बाहेर काढलं. पडदा फुगून वॉर्डाकडे आला. ती म्हणाली, "बादली वाचली, काकू. मी पंखा बंद केलाय."

"निर्जीव वस्तूंचे नियम वेगळे असतात!" बाबा ओरडला. "या लोकांनी त्याचा अपमान केलाय!" पण ओरडताना तो स्टूल उचलत होता. स्टूल हॉस्पिटलचं होतं, तेवढं सिस्टरनं ठेवून घेतलं.

सगळ्यांना पटलं असं नाही. बायको गेली त्या दिवशी मला भेटलेली ती बाई पुढे आली आणि म्हणाली, "खुर्चीचं सोडा. तुमच्या बायकोचं तर खरं झालं ना?"

मी भाषण करणारा माणूस नाही. मी तिला म्हणालो, "बाई, माझी बायको झडप खराब होती म्हणून गेली. तिला वाचवायला चार माणसं धावली, म्हणून दार उघडं होतं. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. एकदा त्या धावणाऱ्यांकडे बघा." मग मी सगळ्यांना सांगितलं, ते इथेही लिहितो. काही विचित्र दिसलं तर आधी विचारा, की हे कशानं होतं. ज्याचं काम आहे त्याला विचारा. दार लावून बघा, उघडून बघा. आपलं माणूस आजारी असतं तेव्हा डोकं चालत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर तेव्हाच विचारायचं.

साडूनं त्या संध्याकाळी कागदावर सही केली. ऑपरेशन झालं. मेहुणी आता जिना चढते, मधे एकदा थांबून. जिन्यातल्या पाटीखाली इंजिनिअरनं दुसरी पाटी लावली आहे: 'पडदा पंख्यामुळे हलतो.' बाबा परत दिसला नाही.

वॉर्डातून घरी जायच्या दिवशी मेहुणी कपडे भरत होती. मधेच थांबली.

"भाऊजी, माझ्या समोरच्या खाटेवर आधी एक मावशी होती ना? मी यायच्या आदल्या दिवशी तिला बाबाच्या गाडीतून नेलं म्हणे. पुन्हा आली का?"

"नाही."

"कुठे आहे ते घर?"

मी सिस्टरला विचारलं. वॉर्डबॉयला, वॉचमनला, कॅन्टीनवाल्याला विचारलं. गाडी कुठली, घर कुठलं, कुणालाच नक्की ठाऊक नाही. पोलिसांत कळवलं आहे. सुट्टीच्या दिवशी मी आणि साडू गावाबाहेरच्या रस्त्यांवर विचारत फिरतो. ती मावशी अजून सापडलेली नाही.