ट्रॉस्कचे कान

या, जरा पुढे सरका. देवाने दिलेल्या कानांची एक गोष्ट सांगते.

कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर पाणबुडीच्या शिपायांची शाळा आहे. समुद्र ऐकून कुठलं जहाज, कुठला मासा हे ओळखायचं. पाणबुडीला खिडकी नसते, सगळ्यांचा जीव त्या ऐकणाऱ्याच्या कानांवर. चीफ आयडा मॅक्रोरी तिथं शिकवायची आणि तिचा जीव लेमन ट्रॉस्कवर जडला होता. अलाबामाच्या चर्चमध्ये गाणारा पोरगा. वर्गात सगळ्यांच्या पुढे.

"झिंग्याने ढेकर दिला तरी ऐकेल हा!" पोरं चिडवायची.

"दिला तर तुमच्याहून सभ्यपणे देईल," लेमन म्हणायचा.

हिवाळ्यात तो तापाने पडला. उठला, पुन्हा पहिल्यासारखी उत्तरं देऊ लागला. पण एका सकाळी, आवाजाच्या रेघा दाखवणारा पडदा बंद पडला आणि लेमनला एकही आवाज ओळखता येईना. आयडाला शंका आली.

त्या शाळेचा एक नेम होता. हुकूम मिळाला की तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, मगच हात हलवायचा. वर्ग सुटल्यावर लेमन हेडफोन गळ्यात अडकवून बसला होता; आयडा त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ट्रॉस्क, हेडफोन काढून ठेव."

काहीतरी पुसट कानी पडलं तसा तो ताठ बसला. "हेडफोन लावून ठेवतो, चीफ!"

आणि कानांवर लावलेही.

आयडाने समोर येऊन ते उतरवले. आपण उलटं ऐकलं, हे त्याला कळलं.

"कधीपासून, बाळा?"

"तापानंतर. चीफ, मी डोळ्यांनी ऐकीन की! रेघा पाठ आहेत मला."

"आणि खोल पाण्यात पडदा बंद पडला तर?"

"आईने सगळ्या चर्चला सांगितलंय," तो पुटपुटला, "माझा लेमन समुद्र ऐकतो म्हणून."

तिला 'हो' म्हणायचं होतं. देवाशप्पथ म्हणायचं होतं. पण त्या बंद डब्यातली इतर आयांची लेकरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"तुला बोटीवर पाठवता येणार नाही," ती त्याच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली.

नेम तो नेम. तो ताठ उभा राहिला. "मला... बोटीवर पाठवता येणार नाही, चीफ."

या वेळी एकही शब्द चुकला नाही.

मग त्याने शेवटचं एक मागितलं. आयडाने देवमाशाचं गाणं लावलं, आवाज वाढवत नेला, इतका की हेडफोनबाहेर खोलीभर घुमला. लेमनने डोळे मिटले. "ऐकू आला," तो म्हणाला आणि रडला.

तुमच्या कानी जेव्हा देवाचं नाव पडेल ना, तेव्हा क्षणभर त्या लेमनची आठवण काढा.