मळ्याचा उपास

मैनाबाईनं जन्मात कधी गोवरी थापली नाही.

साता समुद्रापार गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती, आणि तिच्या धगीनं अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव चढत होता.

घरात लेकरं जगत नसली, तर नवं जन्मलेलं मूल सुपात घालून उकिरड्यावर न्यायचं, तिथे जरा लोळवायचं, आणि कुणीतरी टाकलेलं सापडल्यासारखं उचलून घरी आणायचं. मुलगा असला तर नाव उकंडा.

बडनेऱ्याच्या बाजूला गाढवांच्या पाठीवरून माती चालली होती. आगगाडीचा लोखंडी रस्ता येणार, म्हणत.

मेंढरं रात्रभर बसून गेली की सकाळी जमिनीतून वाफ निघते.

पाण्याच्या पाटाच्या कडेला मातीवर पांढरी पपडी धरली की मैनाबाई ती नखानं खरवडायची आणि जमिनीबद्दल म्हणायची, "भरलं इचं पोट."

*

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला जो मळा लागायचा, तो मैनाबाईचा. जमीन कुणाच्या का नावाची असेना, मेंढरं घेऊन येणारा महादेव धनगरसुद्धा "मैनामायचा मळा" असंच म्हणायचा. मैनाबाई गेली आणि मळा तिच्या मुलाकडे आला. मुलाचं नाव उकंडा.

घरातलं शेण चुलीत जाऊ द्यायचं नाही, हा मैनाबाईचा एकच हट्ट. शेण, राख, गोठ्यातला गाळ, भाजीचा पाला, सगळं खड्ड्यात आणि खड्ड्यातून वाफ्यात. चुलीला जळण म्हणून ती शेजारच्या कोरडवाहू वावरातल्या नत्थुजी पाटलाकडून पऱ्हाट्या आणायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. बदल्यात वांगी, मेथी, कोथिंबीर. उकंडा लहान असताना भारा त्याच्या डोक्यावर असायचा आणि काटक्या मानेला टोचायच्या. पुढे कधी मानेला काही टोचलं की त्याला मेथीचा वास यायचा.

"तुले मी खताच्या ढिगावरून उचललं," ती त्याला चिडवायची. "मनून तर असा जोमानं वाढून राहिला."

*

त्या साली सगळ्यांनाच कापसानं वेड लावलं होतं. लोक तुरी सोडून, जवारी सोडून कापूस पेरत होते. नत्थुजीनं बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं बसवली होती. उकंडा विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसून ती टोपणं चमकताना बघायचा आणि मनात हिशेब मांडायचा. नत्थुजीच्या जमिनीला ना खत, ना पाणी, तरी एवढा कापूस. आपल्याकडे तर मोट आहे, आणि मायच्या हातानं पोसलेली माती आहे.

माळ्याच्या पोरानंच करावी अशी ही चूक होती. खत आणि पाणी दिलं की पीक वाढतं, हे तो चालायला लागल्यापासून बघत आला होता.

त्यानं मळ्यातला सगळ्यात मोठा तुकडा रिकामा केला. वांगी उपटली, मिरची उपटली. लेंडीचं खत पडावं म्हणून महादेवाला सांगून रात्री मेंढरं बसवली. महादेवानं काठीवर हनुवटी टेकवून विचारलं, "या तुकड्यात औंदा माय मेंढरं बसू देनार नोती ना?"

"माय गेली," उकंडा म्हणाला.

वर खड्ड्यातलं खत ओतलं, त्यावर राख. मृगात सरकी टोकली.

*

सरकीतून पऱ्हाटी उगवून आली. कंबरेला आली, छातीला आली, पोळ्याच्या सुमारास उकंडाच्या डोक्यावर गेली. पानं भोपळ्याच्या पानांएवढी, रंग इतका गर्द की लांबून काळा दिसायचा. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून बघायचे आणि उकंडाची छाती फुगायची.

दिवाळीला नत्थुजी आला. बांधावर उभा राहून त्यानं पानं बाजूला केली, खाली वाकला, पुन्हा वर पाहिलं.

"काय रे उकंडा, हे पऱ्हाटी हाय का अंबाडी?"

"वाढून राहिली, काका."

"वाढून तर राहिली बाप्पा. पन देऊन काय राहिली?" त्यानं एक फांदी वाकवली. तिला पानंच पानं होती. "माह्यावाली गुडघ्याएवढी हाय, पन बोंडानं वाकली. तुह्यातनी हत्ती लपन."

उकंडाची बायको जमुना मेथीच्या उरलेल्या एकुलत्या एका वाफ्यात बसली होती. तिथूनच म्हणाली, "सावली तं मस्त पडते, काकाजी. दुपारी झोपाले बरी."

नत्थुजी हसला. उकंडाला हसता आलं नाही.

वेचणीला लोक लावायची गरजच पडली नाही. जमुनानं पदराच्या ओटीत जेवढा मावला तेवढा कापूस वेचला आणि घरी आणून दिव्याच्या वाती वळल्या.

*

संक्रांतीनंतर अकोल्याच्या एका रुईच्या व्यापाऱ्याचा दलाल दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसून आला. अंगरख्याला अत्तर लावलेलं, पायात जोडा. लोखंडी रस्ता सुरू झाला की कापसाच्या गठाणी ठेवायला त्याच्या मालकाला बडनेऱ्याजवळ आवार हवं होतं. मळा रस्त्याला लागून होता, विहीर होती.

"जमीन तं कामातून गेलीच तुमची, उकंडाजी. सारा गाव सांगते. आमाले कुठी पिकवाचं हाय? मुरूम टाकू, धुम्मस मारू, सपाट करून घेऊ."

"अन् विहीर?"

"बैलाले पानी लागतेच ना."

उकंडा मळ्याकडे बघत राहिला. जमीन आपल्यावर रुसली, असं त्याला दिवाळीपासून वाटत होतं. मायनं दिलं ते आपण एका पावसाळ्यात नासवलं. मग त्यावर मुरूम पडला काय, न पडला काय.

"होळीले सांगतो," तो म्हणाला.

दमणी गेली. जमुना सासूनं पोसलेल्या वाफ्यांकडे बघत होती. मग एवढंच म्हणाली, "मुरूम टाकल्यावर आत्याबाईची माती खालीच राहीन ना? का तेबी काढून नेतीन?"

*

आवार द्यायचं असो की नसो, उभ्या पऱ्हाट्या काढायलाच हव्या होत्या. मनगटाएवढी खोडं. उकंडानं पहिला भारा बांधून डोक्यावर घेतला आणि काटकी मानेला टोचली.

मेथीचा वास आला. आणि त्यामागून, बऱ्याच वर्षांखालून, एक सकाळ आली.

तो सात-आठ वर्षांचा होता. मैनाबाई मळ्यातल्या सगळ्यात चांगल्या वाफ्यांत कडवळ पेरत होती, म्हणजे जनावरांना हिरवी कापून घालायची जवारी, आणि तीही खताची एक पाटी न टाकता. "माय, अठी मेथी काहून नाई?" त्यानं रडवेलं होऊन विचारलं होतं.

"तुले रोज पुरनपोळी चारली तं काय होईन?"

"पोट दुखन."

"मंग? इचंबी दुखते. जवारी लय खादाड. इच्या पोटातलं सारं खाऊन घेते. मंग इले पुन्हा भूक लागते."

त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी शेवटचं बी झाकेपर्यंत मैनाबाईनं तोंडात पाणीही घेतलं नव्हतं. दर काही वर्षांनी प्रत्येक तुकड्याला असा उपास असायचा. उकंडानं कापूस टोकला, त्याच साली या तुकड्याची पाळी होती. महादेव धनगराच्याही ते लक्षात होतं.

उकंडानं भारा खाली टाकला. पाटाच्या कडेला गुडघे टेकून बसला. पपडी होती. पांढरी, पातळ, दुधावर साय धरावी तशी. त्यानं नखानं खरवडली.

"जमुना, जवारीचं बी हाय का घरात?"

"हाय. काहून?"

"आज सैपाक करू नको."

*

होळीला दलाल आला तेव्हा तुकडा हिरवागार होता, दाट, मांजरसुद्धा शिरणार नाही असा.

"हे काय पेरलं? कापसाच्या दिवसात चारा?"

"जमिनीले उपास हाय," उकंडा म्हणाला.

दलालानं आधी त्याच्याकडे, मग जमुनाकडे पाहिलं. "माती कुठी उपास करत असते का, बाई?"

"करते ना," जमुना म्हणाली. "सुटला का या जेवाले. मुरूम नका आनू पन."

दमणी वळली. बैलांच्या घुंगरांचा आवाज बडनेऱ्याच्या वाटेनं विरत गेला, तसा उकंडा वाफ्याच्या कडेला जाऊन बसला. जमीन सुधारली नाही तर? आवाराचे पैसेही गेले, मळाही गेला.

कडवळ कापलं, बैलांना घातलं. बुडख्यांतून पुन्हा फुटलं, तेही गर्द. पुन्हा कापलं. महादेव मेंढरं घेऊन आला, त्याला हात जोडून परत पाठवलं. तिसऱ्यांदा फुटलं ते मृग तोंडावर आल्यावर, आणि एका सकाळी उकंडा वाफ्यात उभा राहिला तो राहिलाच. पानांची टोकं पिवळी पडत होती.

पीक पिवळं पडल्यावर आनंदानं बायकोला हाक मारणारा माळी त्या रस्त्यानं जाणाऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

"भूक लागली इले!" तो ओरडत होता. "जमुना, भूक लागली!"

जमुना उकिरड्यावरून पाटी भरून घेऊन आली. उकंडानं हात आडवा केला, अर्धी पाटी रिकामी केली आणि उरलेली तिच्या हातानं वाफ्यात पसरू दिली.

हिवाळ्यात नत्थुजी पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आला. तोवर साता समुद्रापारची लढाई संपून कापसाचा भाव पडला होता आणि त्याच्या बैलांच्या शिंगांवर टोपणं नव्हती. जमुनानं मेथीच्या चार जुड्या त्याच्या शेल्यात टाकल्या. त्यानं एक पान तोडून चावलं, डोळे मिटले.

"मैनाबाईच्याच हातची हाय," तो म्हणाला.

विहीर खणली त्या साली मैनाबाई नवी नवरी होती, आणि त्या तुकड्यात तीळसुद्धा उगवला नव्हता; ती माती तिनंच पाटी पाटी खत घालून आणि उपास धरून घडवली होती.