जाड्या तांदळाची मोळी

आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत, तीही कुडाची. त्यांच्याकडं भांडण झालं की मला उठून जावं लागत नाही. भांडी घासता घासता सगळं कळतं.

त्या घरात माणसं तीन. विहिरी खोदणारा मुलगा, त्याला सगळा गाव खणत्या म्हणतो. त्याची आई, तोंडात उरले दोन दात. आणि सून, जिच्या मानेवर ते घर उभं आहे असं मी म्हणते, आणि कुणाला राग आला तर येऊ दे. तांदूळ त्यांच्याकडं वर्षाचा एकदम भरतात. पोतं एकदा घरात आलं की बरं-वाईट वर्षभर गिळायचं. गेल्या वर्षीचा खणत्यानंच आणला होता, जाडा आणि जुना. शिजता शिजत नव्हता. त्याच्यापायी सरपण वाहून वाहून सून एका बाजूला वाकली. जवळचा डोंगर बोडका झालाय, आता खिंडीपलीकडं जावं लागतं. तिची मान वळत नाही. हाक मारली तर अख्खी बाई वळते. यंदा परत तोच तांदूळ आला तर ही मोडेल, एवढं मला दिसत होतं.

म्हणून या खेपेला तिनं गिरणीवाल्याकडनं दोन नमुने मागून आणले. एक जाडा, एक बारीक. दोन फडक्यांत बांधले आणि एकाच हंडीत सोडले. पाणी तेच, जाळ तोच.

"आता सुनेनं लबाडी केली असं कुणी म्हणायला नको," ती म्हणाली. मी तोवर त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसले होते.

बारीक लवकर झाला. म्हातारीनं घास टाळूला दाबून गिळला. "हा बरा आहे गं. चावायची कटकट नाही."

जाडा अजून आतून कच्चाच. सुनेनं लाकडं सारली. परत सारली. धुरानं आम्हा तिघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेवटी एकदाचा शिजला, तेव्हा खणत्या आला आणि त्यानं दोन्ही चाखले.

"याला म्हणतात भात," जाड्यावर बोट ठेवून म्हणाला. "तुमचा बारीक मी विहिरीत उतरेपर्यंत जिरतो. दुपारी पहार उचलायला पोटात काहीतरी लागतं."

खोटं नव्हतं ते. दिवसभर खडक फोडणाऱ्याची भूक मलाही कळते.

"आणि आईंनी काय करायचं?" सुनेनं विचारलं.

"तिच्यापुरता आणखी शिजव. मऊ होईल."

"आणखी शिजवायला लाकूड लागतं."

"लाकडाचं काय सांगतेस? डोंगर फुकट आहे."

सुनेनं फुंकणी खाली ठेवली. ती ओरडली नाही. ओरडायलाही अंगात बळ लागतं.

"बरं, जाडाच आणा. पण तुमच्या विहिरीला पाणी लागून काम थांबलंय, तुम्ही घरीच आहात. तोवर हे फुकटचं तुम्ही आणा."

"आणतो की! हात मोडलेत का माझे?"

पोतं आलं. दुसऱ्या दिवशी खणत्या कोयता घेऊन शीळ घालत निघाला. ऊन असं की वाटेवरची माती तळव्याला डसत होती. दिवस कलला तेव्हा परतला, मोळी एका बाजूला लोंबलेली, शीळ बंद. "काकू, जरा हात लावा उतरवायला," एवढंच बोलला. ती मोळी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पुरली नाही.

"लाकडं जाळतेस का खातेस?" तो ओरडला.

"मी नाही खात. तुमचा जाडा खातो."

परत गेला. परत. ज्याचं जळतं त्याला कळतं. आठवडा झाला नसेल, एका सकाळी बघते तर गडी पोतं पाठीवर घेऊन बाहेर पडलेला.

"कुठं रे?" मी हाक मारली. त्याची मान वळेना. पोत्यासकट अख्खा वळला.

"गिरणीवर. बदलून आणतो. आईला चावत नाही हो हा तांदूळ. म्हातारं माणूस, मला बघवत नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना! मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेनं माझा हात दाबला.

"म्हणू दे काकू. तांदूळ तेवढा येऊ दे."

म्हातारी ओट्यावरनं सगळं ऐकत होती. "दात पडून किती वर्षं झाली," ती म्हणाली, "माझ्या लेकाला ते आज दिसलं."

पुढं विहिरीचं पाणी उपसलं आणि खणत्या कामाला गेला. सकाळी चार घास जास्त खाऊन जातो. बारीक तांदळालाही लाकूड लागतंच, ते परत सुनेच्याच डोक्यावर आलं. पण आता ती दिवसाआड जाते. मधल्या दिवशी दुपारी भिंतीला मान टेकून घटकाभर बसते, आणि तेवढा वेळ मी तिला हाक मारत नाही.